सोसायटी ग्रुप: पोरांना समाजसेवेची सक्ती हवी का?

बी-४०२: नमस्कार मंडळी. लेकीने आज कॉलेजचा फॉर्म पुढे केला, समाजसेवेचे १२० तास, खरे झालेत जेमतेम १५. बाकीचे तास "भरून टाक, सगळे तसंच करतात" म्हणते. मी सही केली नाही, सकाळपासून घरात अबोला आहे. पोरांना खोटं लिहायला शिकवणारी ही सक्ती हवी कशाला?

सी-१०१: सही केली नाहीत ते उत्तम. पण सक्ती हवीच. आम्ही एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजना) कॅम्पला सात दिवस बंधारा बांधला, हाताला फोड आले, तेव्हा कळलं कष्ट म्हणजे काय

ए-२०४: काका, एनएसएस १९६९ ला सुरू झालं तेच ऐच्छिक म्हणून. दोन वर्षांत २४० तास, पण नाव आपणहून द्यायचं

सी-१०१: माझं नाव वडिलांनी घातलं होतं. नसतं घातलं तर मी गेलोच नसतो.

डी-३०३: फक्त तरुणांनाच का?

बी-१०३: कॅनडातल्या ऑन्टॅरिओत शाळा पास व्हायला ४० तास लागतात, अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये ७५. माझ्या भाच्याने लायब्ररीत ४० तास भरले आणि नंतर दोन वर्षं शनिवारी स्वतःहून जात राहिला

ए-२०४: तो तुमचा भाचा. जर्मनीत २०११ ला सक्तीच्या लष्करभरतीबरोबर तिच्याऐवजी करायची सेवाही थांबली, लगेच ऐच्छिक योजना आणावी लागली, कारण म्हाताऱ्यांच्या संस्थांमध्ये हात खरंच लागत होते.

डी-३०३: परत विचारतो, फक्त तरुणांनाच का? टाकी साफ करायला किती रिटायर्ड मंडळी आली होती?

सी-१०१: टाकीचा विषय इथे कशाला? माझा गुडघा सगळ्यांना माहीत आहे

बी-१०३: हो काका, मीटिंगच्या दिवशी तेवढा बरा असतो 😄

सेक्रेटरी: कृपया विषयावर बोला. गेल्या वेळचं अजून निस्तरतोय

ए-५०१: घटनेच्या कलम २३ मध्ये वेठबिगारीला बंदी आहे, पण सार्वजनिक कामासाठी सरकार सक्तीची सेवा लावू शकतं असंही त्यातच आहे. फक्त धर्म, वंश, जात, वर्ग यांवरून भेद करायचा नाही.

डी-३०३: म्हणजे तरुणांनाच लावा असं नाहीये त्यात. धन्यवाद ताई 🙏

बी-४०२: मी मुलगी बोलतेय, आईच्या फोनवरून. पहिल्या दिवशी वृद्धाश्रमात साठ जणांना एकदम नेलं, बॅनर धरून फोटो काढला, कामच नव्हतं द्यायला. नंतर मी एकटी जाऊन एका आजींना पेपर वाचून दाखवायचे, ते १५ तास. मैत्रीण संध्याकाळी नोकरी करून घर चालवते, तिने १२० कुठून आणायचे? सक्ती करा, पण आधी काम द्या आणि कोणीतरी येऊन बघा

सी-१०१: बेटा, हे पटलं. पण सक्ती हवी.

बी-४०२: आता आई. हे मला कधी सांगितलं नाहीस. फॉर्मवर १५ लिहून आण, करते सही.

डी-३०३: माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं