दर रविवारी पिंप रिकामं करूनही दिवसा डास, चुकतंय कुठे?

जास्वंद:
खिडक्यांना जाळी आहे, रात्रभर लिक्विडचं मशीन चालू असतं. पिंप आणि कूलर दर रविवारी रिकामे करून पुन्हा भरतो. तरी सकाळी आणि दिवेलागणीच्या आधी टेबलाखाली पायांना डास चावतात. काळे, पायांवर पांढरे पट्टे. गुरुवारपर्यंत पिंपात अळ्या वळवळायला लागतात. घरात सहा महिन्यांचं बाळ आणि एक गरोदर बाई आहे, त्यामुळे ऊठसूट फवारणी नको. काय करावं?

घासणी:
पट्टेवाला म्हणजे एडिस. डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका पसरवणारा तोच. तो दिवसा चावतो आणि तुमचं मशीन रात्री चालतं, ही झाली छोटी चूक. मोठी चूक पिंपाची. तुम्ही पाणी ओतून देता, पण एडिसची अंडी पाण्यात नसतातच. मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीवर ती एकेक करून चिकटवते. खसखशीहून बारीक, काळी. बघणाऱ्याला काजळीचे ठिपके वाटतात. पिंप उपडं केलं तरी ती जागची हलत नाहीत. कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी परत तिथवर चढलं की फुटतात. गुरुवारी दिसणाऱ्या अळ्या रविवारआधीच्या अंड्यांतल्या आहेत.

म्हणून घासायचं. पिंप रिकामं करून काथ्याची किंवा ताठ केसांची घासणी आणि साबणाची पूड घ्या. पाण्याची रेषा जिथे उमटलीय तिथे वर-खाली वीतभर पट्टा जोर लावून घासा. काठाची वळलेली कड आणि झाकणाची आतली बाजू विसरू नका, बहुतेकांचं तिथेच राहून जातं. नुसतं उन्हात वाळवून अळ्या मरतात, अंडी नाही. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा खाडा चालत नाही. कूलरच्या टाकीलाही हेच, आणि वापर थांबला की टाकी घासून कोरडी ठेवायची.

जास्वंद:
पिंपाला झाकण आहे. तरी मादी कशी शिरते?

घासणी:
झाकण डुगडुगत असेल तर फटीतून. तोंडावर दाट विणीचं कापड टाकून इलॅस्टिकने ताणून बसवा. मध्ये झोळ पडू देऊ नका, उघड्यावर त्या झोळातच पाणी साचतं. गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप आणि हवेची नळी यांच्या तोंडाला बारीक जाळी बांधा.

जी टाकी रिकामी करणं शक्यच नाही तिच्यात टेमेफॉस या अळीनाशकाचे १ टक्क्याचे दाणे टाकतात: १०० लिटरला १० ग्रॅम. हिशोब टाकीच्या पूर्ण मापावर करायचा, त्या दिवशी असलेल्या पाण्यावर नाही. आरोग्य कर्मचारी टाकून देत असतील तर उत्तम, अंदाजाने मूठभर टाकू नका.

अळ्या शोधताना टॉर्च मारून लगेच "नाही" म्हणू नका. सावली पडली, पाणी हललं की त्या तळाला जातात. मिनिटभर स्तब्ध उभे राहा, श्वासासाठी वर येतातच. डोकं खाली, शेपटीकडची नळी वर अशा लटकतात. पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडलेल्या दिसल्या तर त्या मलेरियाच्या डासाच्या.

खिडकीवाला:
जाळीबद्दल थोडं. डास घरातच पैदा होत असतील तर जाळी त्यांना आत कोंडून ठेवते! आधी वरचं काम, मग जाळी. वेल्क्रोचे कोपरे आणि दाराखालची फट तपासा.

टेबलाखाली छोटा पंखा पायांवर सोडा. डास उडायला दुबळा असतो, शिवाय आपल्या श्वासाचा आणि घामाचा माग वाऱ्याने विस्कटतो. विनारसायन इतका सोपा उपाय दुसरा नाही. आवाजाने डास पळवणाऱ्या यंत्रांवर मात्र पैसे घालवू नका, चाचण्यांत ती फोल ठरली आहेत.

बाळ दिवसा झोपेल तेव्हाही मच्छरदाणी, कडा गादीखाली खोचून. अंग जाळीला टेकलं तर डास बाहेरून चावतो, तेव्हा पुरेशी मोठी घ्या. अंगाला लावायला २० ते ३० टक्के डीईईटी (डास दूर ठेवणारं औषध) गरोदर बाईला चालतं. दोन महिन्यांपुढच्या बाळालाही चालतं, पण आधी स्वतःच्या तळहातावर घेऊन मग पातळ थर लावायचा. बाळाचे हात, डोळे, तोंड आणि जखमा सोडून. लेमन युकॅलिप्टस तेलाचं औषध तीन वर्षांखाली नको. सनस्क्रीन लावत असाल तर ते आधी, हे नंतर.

थर्मामीटर:
ताप आलाच तर पॅरासिटामॉलच. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. बाळाला डोस वजनावरून डॉक्टरच ठरवतील. बाळ आणि गरोदर बाई या दोघांच्या बाबतीत घरी वाट बघू नका. डेंग्यूच्या रक्तचाचण्यांपैकी एनएस१ (विषाणूचा अंश शोधणारी) पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी, त्यानंतर आयजीएम (शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी). रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, कारण तापाच्या दिवसांत त्याला चावलेला डास पुढे घरातल्यांना रोग देतो. ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. पोटात जोराची कळ, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून गेल्यासारखी सुस्ती असं काही दिसलं तर त्याच क्षणी रुग्णालय.

जास्वंद:
पिंप घासतो. फ्रिजमागे खाली ट्रे आहे, त्यात पाणी दिसलं. पण तो निघत नाही.

घासणी:
काही मॉडेलमध्ये तो पक्का बसवलेला असतो. कंप्रेसरच्या उष्णतेने पाणी आटतं अशी योजना असते, पण दमट हवेत ते साठून राहतं. फ्रिजचा प्लग काढा, लांब काडीला स्पंज बांधून पाणी शोषून घ्या, मग त्याच स्पंजला साबण लावून ट्रेच्या कडा घासा. दर रविवारी, पिंपाबरोबरच. कुंड्यांखालच्या ताटल्या, एसीच्या नळीखालची बादली आणि न वापरातलं संडासाचं भांडंही त्याच फेरीत बघून घ्या.