मदत हवी आहे: पासवर्ड टाकला की परत लॉगिनवरच येते

राजेहो, आर्णीकडच्या आमच्या गावच्या वाचनालयातला पीसी, त्यात डेबियन 12 (लिनक्स) अन् एक्सएफसीई 4.18 डेस्कटॉप. काल लाइट अचानक गेली, तवापासून पासवर्ड टाकला की काळा पडदा येते अन् परत लॉगिनवरच. कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबून टर्मिनलात लॉगिन बरोबर होते, डिस्क भरलेली नाही, एक्सऑथॉरिटी (डेस्कटॉप उघडाची परवानगी ठेवणारी) फाइलचा मालकही रूट म्हणजे अ‍ॅडमिन नाही, अन् नवीन यूजर बनवला तर डेस्कटॉप मस्त उघडते! म्हणजे गडबड जुन्या यूजरच्या होम फोल्डरातच आहे असं वाटते. डॉट कॅश या लपलेल्या फोल्डरातलं सेशन्स (मागचं सेशन लक्षात ठेवणारं) फोल्डर आधी हटवू का डॉट कॉन्फिगमधल्या एक्सएफसीई4 या सेटिंगच्या फोल्डरचं नाव बदलू? पोरांचे स्पर्धा परीक्षेचे नोट्स त्याच यूजरमधी आहेत, त्याले धक्का लागाले नको, कोणी नीट सांगा ना भाऊ.