सेकंड एमबीबीएसमध्ये रिसर्च कुठून सुरू करायचा? गाइड म्हणतात, "विषय तू घेऊन ये"

सेकंडइयर_मराठवाडा

नमस्कार. सरकारी कॉलेज, सेकंड एमबीबीएस. यंदा आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएसला, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीच्या दोन महिन्यांच्या संशोधन योजनेला, प्रपोजल टाकायचंय. फार्मॅकचे (औषधशास्त्राचे) सर गाइड व्हायला तयार आहेत, पण विषय मी शोधायचा. पबमेडवर (वैद्यकीय पेपर शोधायची साइट) काहीही टाकलं तरी ते आधीच झालेलं दिसतं. दोन महिन्यांत उरकेल असा विषय कसा ठरवायचा? सॅम्पल साइज (किती नमुने घ्यायचे तो आकडा) कुठून आणायचा? एथिक्स कमिटीची मंजुरी आधी की प्रपोजल आधी?

शिवाय व्हॉट्सॅपवर एका जर्नलचा मेसेज फिरतोय: ३५०० रुपये, सात दिवसांत प्रकाशन, "यूजीसी अप्रूव्ड", इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलच्या पेपरांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा) ७ च्या वर. यात काही तथ्य आहे का? आणि या सगळ्याचा पीजीला उपयोग होतो का?

फार्मॅक_कट्टा

आधी झालेलं असेल तर चांगलंच आहे, पद्धत आयती मिळते. दोन महिन्यांच्या कामातून जगाला नवं काही सांगावं अशी कुणाचीच अपेक्षा नसते. आपल्या हॉस्पिटलात काय चाललंय ते नीट मोजून दाखवलं तरी पुष्कळ झालं. "ग्रामीण भागातील मधुमेहींचे जीवनमान" हा नुसता मथळा झाला. कोणाचं, कुठे, काय आणि कशाने मोजणार, हे एका वाक्यात मावलं की विषय झाला. तोवर सरांच्या केबिनचा दरवाजा वाजवू नका.

गाइड फार्मॅकचे आहेत तर प्रिस्क्रिप्शन ऑडिट घ्या, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधांच्या कागदांची मोजदाद. डब्ल्यूएचओचे पाच प्रिस्क्रायबिंग इंडिकेटर (औषधं कशी लिहिली जातात ते मोजायचे निकष) १९९३ पासून तयार आहेत: दर प्रिस्क्रिप्शनमागे सरासरी औषधं, जेनेरिक नावाने लिहिलेल्यांची टक्केवारी, अँटिबायोटिक असलेल्या प्रिस्क्रिप्शनची टक्केवारी, इंजेक्शन असलेल्यांची टक्केवारी आणि आवश्यक औषध यादीतल्या औषधांची टक्केवारी. यादी म्हणून राष्ट्रीय आवश्यक औषध यादी २०२२ घ्या, तिच्यात ३८४ औषधं आहेत. पेशंटला टोचायचं नाही, तपासणीचा खर्च नाही, फॉलोअपला लोक परत आले नाहीत म्हणून डोकं धरून बसायचं नाही.

घोळ होतो तो भाजकात. अँटिबायोटिक आणि इंजेक्शनसाठी भाजक म्हणजे एकूण प्रिस्क्रिप्शन. जेनेरिक आणि आवश्यक यादीसाठी भाजक म्हणजे एकूण औषधं. समजा १०० कागद, त्यांवर २८० औषधं, ४५ कागदांवर अँटिबायोटिक. उत्तर ४५ टक्के. एका कागदावर दोन अँटिबायोटिक असली तरी तो कागद एकदाच धरायचा. दोन-तीन घटकांची एकत्र गोळी म्हणजे एकच औषध. लसी इंजेक्शनमध्ये मोजत नाहीत. छापून आलेल्या पेपरांतसुद्धा हे भाजक चुकलेले असतात, म्हणून दुसऱ्याच्या टक्केवारीशी तुलना करताना आधी त्याचा भाजक तपासा.

दुसरी अडचण कागद मिळवण्याची. ओपीडीचा केसपेपर पेशंट घरी नेतो, एमआरडीत (रेकॉर्ड विभागात) सापडतात त्या आयपीडीच्या, म्हणजे भरती पेशंटच्या, फायली. त्यामुळे औषध खिडकीपाशी उभं राहणं आलं. दर पाचवा कागद घ्या, आणि आठवड्याचे सगळे ओपीडीचे वार आले पाहिजेत. सकाळी दहा ते अकराच उभं राहिलात तर एक-दोन ओपीडींचेच कागद हाती लागतात. वाचता न येणारं अक्षर दिसलं की कागद सोडून देऊ नका, "अवाचनीय" असा रकाना ठेवा; तेवढे कागद गाळले तर नमुनाच वाकडा होतो. आधी दहा-पंधरा कागदांवर प्रोफॉर्मा (माहिती भरायचा तक्ता) चालवून बघा, कुठला रकाना कमी पडतोय ते पहिल्याच दिवशी कळतं.

पीएसएम_वाला

वरच्यात भर. एकाच केंद्राचा अभ्यास असेल तर डब्ल्यूएचओच्या पद्धतीत किमान १०० प्रिस्क्रिप्शन चालतात, पण एसटीएसच्या परीक्षकाला "हा आकडा का?" याचं उत्तर हवं असतं. थिअरीत शिकवलेलं सूत्र वापरा: चार गुणिले पी गुणिले क्यू, भागिले एलचा वर्ग. पी म्हणजे आधीच्या अभ्यासातली टक्केवारी, क्यू म्हणजे १०० वजा पी, एल म्हणजे चालवून घेता येणारी चूक. आधीच्या अभ्यासात अँटिबायोटिकचं प्रमाण ४० टक्के असेल तर पी ४०, क्यू ६०. एल १० धरलात तर ९६ येतात, ५ धरलात तर ३८४, आणि पीच्या दहा टक्के म्हणजे ४ धरलात तर थेट ६००. तिन्ही उत्तरं बरोबर, म्हणून एल किती आणि तो सरळ की पीच्या टक्क्यांत, हे लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. दोन महिन्यांतले कामाचे दिवस ४५ धरा, त्यातले दहा लिखाणाला ठेवा. उरलेल्या ३५ दिवसांत रोज ११ कागद भरले की ३८४ होतात. जमण्यासारखं आहे.

एक्सेलमध्ये दोन शीट करा. पहिलीत दर प्रिस्क्रिप्शनला एक ओळ (अनुक्रमांक, वय, लिंग, ओपीडी), दुसरीत दर औषधाला एक ओळ आणि शेजारी तोच अनुक्रमांक. सगळी औषधं एकाच सेलमध्ये स्वल्पविराम देऊन कोंबली तर नंतर मोजता येत नाहीत. "हो", "होय", "यस" असे तीन प्रकार नकोत, १ आणि ० ठेवा. सेल मर्ज करू नका. विश्लेषणाला जामोव्ही हे सॉफ्टवेअर फुकट आहे, रेफरन्ससाठी झोटेरोही.

एथिक्स: प्रपोजल आधी गेलं तरी चालतं, पण पहिला कागद भरायचा तो मंजुरीचं पत्र हातात आल्यावरच. मागच्या तारखेने मंजुरी मिळत नाही, आणि आधी गोळा केलेला डेटा फेकावा लागतो. बऱ्याच कॉलेजांत कमिटी दोन-तीन महिन्यांतून एकदा बसते, म्हणून मेंबर सेक्रेटरींच्या ऑफिसात पुढची तारीख आजच विचारा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तीन वाटा आहेत: सूट, एक्स्पेडायटेड (झटपट तपासणी) आणि फुल कमिटी (पूर्ण बैठकीत चर्चा). नाव-पत्ता न घेता केलेलं ऑडिट पहिल्या दोनांत बसू शकतं, पण ते कमिटी ठरवते. संमतीतून सूट हवी असेल तर अर्जात कारणासह मागावी लागते, गृहीत धरायची नसते. कागदाचे फोटो शक्यतो काढूच नका. काढलेच तर नाव आणि नोंदणी क्रमांक झाकून, आणि ते व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकायचे नाहीत.

परवानगी विभागप्रमुखांकडून घ्या, तारखा मात्र ओपीडीत जाहीर करू नका, आणि त्याला कमिटीची संमती घ्या. ऑडिट चालू आहे कळलं की आठवडाभर सगळेच जेनेरिक लिहितात.

एसटीएसच्या प्रपोजलमध्ये तुमचं, गाइडचं किंवा कॉलेजचं नाव मजकुरात कुठेही येऊ देऊ नका, एवढ्यावरून अर्ज बाद होतो. पद्धतीच्या भागात सवयीने कॉलेजचं नाव लिहिलं जातं. तिथे "टर्शरी केअर हॉस्पिटल" लिहा. रिपोर्ट मंजूर झाल्यावरच पैसे आणि सर्टिफिकेट मिळतं. इंटर्नना ही योजना नाही, त्यामुळे सेकंड इयर हीच योग्य वेळ. तारखा त्या-त्या वर्षीच्या सूचनेत पाहा. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचीही यूजी विद्यार्थ्यांसाठी छोटी अनुदान योजना आहे, कॉलेजच्या रिसर्च सेलला विचारा.

इंटर्नशिप_संपेना

पीजीचं उत्तर सरळ आहे: नीट पीजीच्या सीटला पेपरचा एकही मार्क नाही. परीक्षा जवळ असेल तर हे काम बाजूला ठेव. अमेरिकेत मॅच करायचं (तिथली पीजी सीट मिळवायची) असेल तर गोष्ट वेगळी, तिथे २०२२ पासून स्टेप वन ही परवाना परीक्षा नुसती पास-फेल आहे आणि अर्जात प्रकाशनं पाहतात. बाकी फायदा म्हणजे पीजीला थिसिस लिहायची वेळ येते तेव्हा सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) म्हणजे काय हे तुला कुणी शिकवावं लागत नाही.

सेकंडइयर_मराठवाडा

खूप धन्यवाद सर, विषय जवळपास ठरलाच. एक नाजूक प्रश्न. काम मी करणार, पण विभागातल्या चार-पाच जणांची नावं घालावी लागतील असं सीनियर म्हणतात. पहिलं नाव माझं राहील का? आणि जर्नलचं राहिलंच.

रेफरी_नंबर_दोन

लेखक कोण, हे आयसीएमजेईच्या (वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती) चार अटींवर ठरतं: आखणीत किंवा डेटा-विश्लेषणात ठोस वाटा, मसुदा लिहिणं किंवा मुद्द्यावर सुधारणं, अंतिम प्रतीला मान्यता, आणि पूर्ण कामाची जबाबदारी. चारही लागतात. ज्यांनी फक्त सही केली त्यांचे आभार मानायचे. प्रत्यक्षात प्राध्यापकांच्या बढतीला प्रकाशनं लागतात, म्हणून रस्सीखेच होते. ती टाळायची तर डेटा गोळा करण्याआधी सरांना विचारा, "सर, नावांचा क्रम कसा ठेवायचा?" आणि ठरलं ते त्याच दिवशी मेल करून ठेवा. पेपर तयार झाल्यावर हा विषय काढलात तर सेकंड इयरच्या पोराचं कोण ऐकतं?

आता तो मेसेज. यूजीसीने आपली केअर यादी (मान्य जर्नलांची यादी) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, तेव्हा आज "यूजीसी अप्रूव्ड" म्हणणारा थाप मारतोय. खरा इम्पॅक्ट फॅक्टर फक्त क्लॅरिव्हेट ही कंपनी देते, बाकीची मिळतीजुळती नावं विकत मिळतात. गूगल स्कॉलरमध्ये दिसणं म्हणजे इंडेक्सिंग (निवडक जर्नलांच्या यादीत असणं) नव्हे. एनएलएम (अमेरिकेचं राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय) कॅटलॉगमध्ये जर्नलचं नाव टाका आणि "सध्या मेडलाइनमध्ये" (त्यांची निवडक जर्नलांची यादी) अशी नोंद आहे का पाहा. स्कोपस आणि डीओएजे (खुल्या जर्नलांची सूची) यांची यादीही त्यांच्याच साइटवर तपासा, जर्नलच्या मुखपृष्ठावरचे लोगो बघू नका. सात दिवसांत दोन तज्ज्ञ वाचून, शेरे देऊन, सुधारित प्रत पुन्हा तपासून होत नाही.

३५०० रुपयांपेक्षा मोठं नुकसान पुढे होतं. एकदा तिथे छापलं की तोच डेटा चांगलं जर्नल घेत नाही, ते दुहेरी प्रकाशन ठरतं. मागे घ्यायला गेलात तर हे लोक माघारीचीही फी मागतात.

लिहिताना स्ट्रोबची (निरीक्षणात्मक अभ्यास कसा लिहायचा याची मार्गदर्शिका) २२ मुद्द्यांची यादी शेजारी ठेवा आणि प्रत्येक मुद्द्यापुढे आपल्या मसुद्यातला पान क्रमांक टाका. मेथड्स आधी लिहा, प्रपोजलमधलं भविष्यकाळातलं सगळं भूतकाळात न्यायचंय इतकंच. मग तक्ते, मग रिझल्ट्स. इंट्रोडक्शनला तीन परिच्छेद पुरतात. तक्त्यात दिलेले आकडे मजकुरात पुन्हा ओतू नका.

एका वेळी एकाच जर्नलला पाठवायचं. निकाल यायला महिने लागतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. नकार आला तर आलेले शेरे दुरुस्त करूनच दुसरीकडे पाठवा. विषय छोटा असला की रेफरी (पेपर तपासणारा तज्ज्ञ) पुन्हा तोच निघतो, आणि त्याने आपलेच शेरे तसेच पडलेले पाहिले तर दुसऱ्यांदा तो पूर्ण वाचतही नाही.