अलिबागला सापडलेले आजीचे बिरडे

प्रश्न (इस्रायलमधल्या अश्दोदहून):
आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आजी-आजोबा अलिबागजवळच्या गावातून इस्रायलला गेले, तरी घरी वालाचे बिरडे, मलिदा आणि चिकाचा हलवा होतच राहिले. यंदा आमचे पूर्वज जिथे उतरले असे मानतात ते नवगाव पाहून परतताना अलिबागच्या एका खाणावळीत वाढलेले बिरडे थेट आजीच्या हातचे वाटले. हे पदार्थ मुळात आमचे की कोकणाचे, आणि माझ्या बिरड्याला ती चव का येत नाही?

प्रतिसाद १:
बिरडे अवघ्या उत्तर कोकणाचे आहे. आपल्या समाजाने मात्र ते तिशा बआवच्या, म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिनाच्या, उपासाशी जोडले आणि त्या दिवसालाच बिरड्याचा रोजा म्हटले. चवीचे म्हणाल तर रायगडात भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर येणारे कडवे वाल निराळेच असतात. ते भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत आणि कोमट पाण्यात टाकून सोलावेत. सोलण्याचा कंटाळा करणाऱ्याने बिरड्याच्या वाटेला जाऊ नये!

प्रतिसाद २:
मलिद्यातले पोहे, गूळ आणि खोबरे कोकणातलेच. त्यामागची एलियाहू हन्नाबीची (प्रेषित एलियाची) प्रार्थना तुमची. रोश हशनाच्या, म्हणजे ज्यू नववर्षाच्या, हलव्यासाठी गहू भिजवून, वाटून चीक काढतात आणि तो नारळाच्या दुधात आटवतात, कारण ज्यू आहारनियमांप्रमाणे मांसाच्या जेवणासोबत गाईम्हशीचे दूध चालत नाही. हल्ली काही जण कॉर्नफ्लोअर वापरतात. त्याने हलवा झटपट थिजतो, पण माझ्या मते गव्हाच्या चिकाचा लुसलुशीतपणा त्याला येत नाही.