सर्वकालीन श्रेष्ठ बॉक्सर ठरवायचा कसा? हार मोजायची की जोड बघायची?

महालकर
परवा सकाळी नागपुरात मानकापूरला पोरांचा सराव संपला आणि बाहेर तर्री पोहे खाताना वाद पेटला. एका पोरानं मोबाईलवर स्वतःची यादी दाखवली. पहिला फ्लॉइड मेवेदर, कारण ५० लढती, ५० विजय. दुसरा रॉकी मार्सियानो, ४९ पैकी ४९. मुहम्मद अली चौथा. शुगर रे रॉबिन्सन पहिल्या दहातही नाही, कारण म्हणे तो १९ वेळा हरला. तिथं मला नीट बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहितो.

कुस्त्या बघून आलेल्या माणसाला घरची जुनी मंडळी आधी काय विचारायची? जोड कोणती होती. कोण जिंकलं ते नंतर. माझा निकष तोच आहे. समोर कोण होता, तो तेव्हा किती भरात होता, आणि हरल्यावर या गड्यानं काय केलं. कोरी पाटी सगळ्यात शेवटी.

आता रॉबिन्सन बघा. १९४० मध्ये तो व्यावसायिक झाला आणि पहिल्या ४० लढती ओळीनं जिंकला. फेब्रुवारी १९४३ मध्ये जेक लामोटानं त्याला हरवलं. लामोटा त्या दिवशी त्याच्यापेक्षा जवळपास सात किलो जड होता. रॉबिन्सन तीनच आठवड्यांनी त्याच लामोटासमोर पुन्हा उभा राहिला आणि जिंकला. दोघं एकूण सहा वेळा लढले, त्यातल्या पाच रॉबिन्सनच्या. त्या हारीनंतर १९५१ पर्यंत ९१ लढतींत त्याला कोणी हरवू शकलं नाही. आणि ज्या १९ हारींचं भांडवल केलं जातं, त्यातल्या १५ वयाची पस्तिशी उलटल्यावरच्या आहेत.

पस्तिशीआधीच्या चार हारींपैकी एक तर मला रोज आठवते. जून १९५२, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम. रॉबिन्सन वरच्या वजनगटात जाऊन जोई मॅक्सिमशी लढत होता. पारा ४० अंशांच्या आसपास, वर रिंगच्या दिव्यांची आग. दहाव्या फेरीनंतर रेफरीच उष्म्यानं कोसळला, दुसरा आणावा लागला. रॉबिन्सन गुणांवर पुढे होता, पण चौदाव्या फेरीसाठी त्याला स्टुलावरून उठता आलं नाही. मे महिन्यात दुपारी एकदा बॅगेवर तीन राउंड मारून बघा. मग त्या हारीला हार म्हणायचं का ते सांगा.

मार्सियानोबद्दल एकच. त्यानं १९५१ मध्ये ज्या जो लुईला पाडलं, तो लुई ३७ वर्षांचा होता आणि निवृत्तीतून परत आलेला होता. ज्या लुईनं १९३७ ते १९४९ जेतेपद सांभाळलं, २५ वेळा राखलं, तो वेगळा.

धरमपेठी
काका, तुमचा मान ठेवून विरोध करतो. तुम्ही जोड बघा म्हणता ना, मग मेवेदरची बघा. कोरालेस, कास्टिलो, डे ला होया, मोझली, कोट्टो, कनेलो, पॅकियाओ. पाच वजनगटांत जेतेपदं. यातला एकही ऐरागैरा नाही. रॉबिन्सनचे विजय १७० च्या वर आहेत हे खरं, पण तेव्हा बॉक्सर महिन्यातून दोन-दोनदा लढायचे. त्या यादीत अशी कितीतरी नावं आहेत जी आज कोणालाच ठाऊक नाहीत.

पण माझा खरा मुद्दा दुसरा आहे. या खेळात समोरच्याचं लक्ष्य आपलं डोकं असतं. म्हणून मार न खाणं हीच यातली सगळ्यात मोठी विद्या आहे. मेवेदर डावा खांदा पुढे करून हनुवटी त्याच्यामागे लपवायचा, कमरेतून इतकं मागे झुकायचा की ठोसा इंचभर अलीकडे संपायचा. २१ वर्षांच्या कारकिर्दीनंतर तो रिंगमधून ताठ मानेनं, शाबूत डोक्यानं बाहेर आला. अलीला १९८४ मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं. शेवटच्या वर्षांत रॉबिन्सनला अल्झायमर होता. हे ठोशांमुळेच झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण अलीनं १९८० मध्ये लॅरी होम्सकडून जे सोसलं ते बघवत नाही. काका, तुमच्या निकषात मार न खाण्याला किती गुण आहेत? मला तर शून्य दिसतात.

इतवारीवाला
काहून भांडून राहिले भाऊ तुम्ही? ५१ किलोचा गडी आन् १०० किलोचा गडी एका यादीत कसे बसवता? हे समान वजन धरून तुलना करणं म्हणजे मनातल्या मनात कुस्ती लावणं होय. मनातल्या कुस्तीत ज्याला जो आवडते तोच जिंकते.

अजून एक. हॅरी ग्रेबचं नाव सगळ्या मोठ्या यादीत असते. १९२२ मध्ये त्यानं जीन टनीला हरवलं, आन् टनी पूर्ण कारकिर्दीत तेवढाच एकदा हरला. ग्रेबच्या तीनशेच्या आसपास लढती झाल्या, शेवटी शेवटी एका डोळ्यानं दिसत नव्हतं. एवढं सगळं कागदावर आहे. पण त्याच्या लढतीची फिल्मच नाही! न पाहिलेल्या माणसाचा हात किती वेगात चालत होता हे कोण सांगून राहिलं? माझं म्हणणं, वजनगट धरून यादी करा आन् सगळ्यांची एकच यादी करणं सोडून द्या.

सदरवाला
एक यादी सोडायची नाही. आणि त्या यादीत पहिला अली.

महालकर काकांचा निकष मला शंभर टक्के मान्य आहे, फक्त तो त्यांनी शेवटपर्यंत नेला नाही. जोड बघायची ना? जानेवारी १९७३ मध्ये जॉर्ज फोरमननं जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं. हा तोच फ्रेझर, ज्यानं १९७१ मध्ये अलीला हरवलं होतं. म्हणजे ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासात अली ज्याच्यासमोर उभा होता, तो ४० पैकी ४० जिंकलेला, त्यातले ३७ नॉकआउट केलेला माणूस होता. अली ३२ वर्षांचा. सात फेऱ्या दोरीला टेकून मार झेलला आणि आठवीत फोरमनला झोपवलं. फ्रेझरशी तीनदा, नॉर्टनशी तीनदा, लिस्टनशी दोनदा. एवढ्या कठीण जोडी हेवीवेटमध्ये, म्हणजे सगळ्यात जड गटात, दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आल्यात?

आणि हे सगळं तीन-साडेतीन वर्षं रिंगबाहेर काढल्यावर. १९६७ मध्ये त्यानं सैन्यात जायला नकार दिला, जेतेपद काढून घेतलं, परवाने गेले, शिक्षा झाली. तेव्हा तो २५ वर्षांचा. ज्या वर्षांत पाय सगळ्यात हलके असतात ती वर्षं त्यानं कॉलेजांमध्ये भाषणं देऊन काढली. पुढे १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याची शिक्षा रद्द केली, पण ती वर्षं कोण परत देणार? माझे वडील अलीच्या बातम्यांची कात्रणं वहीत चिकटवायचे. ते म्हणायचे, आपण दोन अली पाहिले, नाचणारा आणि सोसणारा. मधला अली कोणालाच पाहायला मिळाला नाही.

सक्करदऱ्याची
मी स्वतः सहा वर्षं ग्लोव्हज घातलेत म्हणून बोलते. या पूर्ण चर्चेत एकही बाई नाही. पैसे न घेता लढलेला एकही माणूस नाही.

क्युबात १९६२ मध्ये व्यावसायिक खेळ बंद झाला. त्यामुळे तेओफिलो स्टीव्हनसन हौशी बॉक्सरच राहिला. १९७२, १९७६, १९८० अशी तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं, तीही हेवीवेटमध्ये. अलीच्या काळातलाच माणूस आहे. त्याला यादीबाहेर ठेवायचं कारण एवढंच की त्यानं पैशासाठी मार खाल्ला नाही?

आणि मेरी कोम. २००२ पासून २०१८ पर्यंत सहा जागतिक सुवर्णपदकं, मध्ये मुलं झाली, परत आली. तिचं वजन ४८ किलो. २०१२ मध्ये महिला बॉक्सिंग पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं तेव्हा ४८ चा गटच नव्हता. ती ५१ मध्ये गेली आणि तिथं कांस्य घेतलं. तीन किलो म्हणजे काय असतं हे इथं लिहिणाऱ्या किती जणांना माहीत आहे? त्या वजनाला समोरचीचा हात लांब असतो, तुमचा ठोसा तिला हलवत नाही, आणि तिचा एकेक ठोसा तुमच्या हातातून आरपार जाणवतो. रॉबिन्सन मॅक्सिमसाठी वर गेला तर काका भावूक होतात. मेरी वर गेली तर कोणाला आठवतही नाही.

आपल्या नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये पोलंडला युवा जगज्जेती झाली. तुमच्या पोहेवाल्या चर्चेत तिचं नाव निघालं होतं का?

महालकर
ताई, नाही निघालं. चूक माझी. यादी मी पुरुष व्यावसायिकांची समजून चाललो होतो आणि ते लिहिलंही नाही. मेरीचं ४८ आणि ५१ चं जे सांगितलंत, ते माझ्याच निकषाचं उदाहरण आहे आणि मला सुचलं नाही याचं वाईट वाटतं.

इतवारीवाले भाऊ, ग्रेबचं मान्य. न पाहिलेल्याला मी पहिला म्हणणार नाही. पण एक यादी करताच येत नाही हे पटत नाही. हेन्री आर्मस्ट्राँगचं उदाहरण घ्या. १९३८ मध्ये त्याच्याकडे फेदर, लाइट आणि वेल्टर या तिन्ही वजनांची जेतेपदं एकाच वेळी होती. तेव्हा एकूण वजनगट आठ आणि बहुतेक गटांत एकच जगज्जेता. आज सतराच्या आसपास गट आणि चार मोठ्या संघटना, म्हणजे जगज्जेतेपदाचे पट्टे साठाच्या वर. माणूसच जेव्हा वजनाच्या भिंती ओलांडतो, तेव्हा तुलना मनातली राहत नाही.

धरमपेठी, मार न खाण्याला गुण हवेत. हे मी आधी धरलं नव्हतं, आता धरतो. कितीही नावं विस्मृतीत गेली म्हणून जुन्यांचे विजय खोटे होत नाहीत, हेही तुम्ही धरा. पण जोड कोण एवढंच बघू नका, जोड कधी तेही बघा. पॅकियाओशी लढतीची बोलणी २००९ मध्ये सुरू झाली होती. लढत झाली मे २०१५ मध्ये, आणि मधे २०१२ ला मार्केझनं पॅकियाओला एका ठोशात पाडलं होतं. त्याच मार्केझशी मेवेदर २००९ मध्ये लढला तेव्हा मार्केझ दोन गट वर आला होता, आणि ठरलेलं वजन मेवेदरनं पाळलं नाही. पन्नासावी लढत तर कॉनर मॅकग्रेगरशी, ज्यानं त्याआधी एकही व्यावसायिक बॉक्सिंग लढत खेळली नव्हती.

धरमपेठी
मॅकग्रेगरचं सोडून देतो, ती मीही मोजत नाही. ४९ धरा. पॅकियाओला उशीर झाला तो रक्ततपासणीच्या अटीवरून बोलणी फिसकटल्यामुळे, आणि ती अट मेवेदरची होती. माझ्या मते अट योग्यच होती. पण २०१३ मध्ये २३ वर्षांच्या कनेलोला ३६ वर्षांच्या मेवेदरनं पूर्ण १२ फेऱ्या हवेत ठोसे मारायला लावले, ती जोड भरातली नव्हती असं तुम्ही म्हणू शकत नाही. माझ्या यादीत तो पहिल्या तिनात राहणार.

सदरवाला
आणि अली?

धरमपेठी
अली दुसरा. रॉबिन्सनला पाचवरून तीनवर आणतो. मॅक्सिमवाल्या हारीबद्दल काकांचं पटलं.

सक्करदऱ्याची
स्टीव्हनसन कुठे?

महालकर
ताई, रविवारी सराव साडेसहाला सुटतो. तुम्ही या, आणि त्या पोराला मेरीचं आणि स्टीव्हनसनचं तुम्हीच सांगा. मी १९५१ च्या रॉबिन्सन-लामोटा लढतीची शेवटची फेरी मोबाईलवर घेऊन येतो. तेराव्या फेरीत रेफरीनं लढत थांबवली, तोवर लामोटा एकदाही खाली पडला नाही. ती फेरी बघून मग तो पोरगा १९ चा आकडा काढतो का बघू.