पीसीआय पॅरलल पोर्ट कार्ड बसवलं पण लिनक्ससीएनसीत मोटर हलत नाहीत

फोंड्याचा_राऊटर:
नमस्कार मंडळी, फोंड्याला आमचं लाकडी नक्षीकामाचं छोटं वर्कशॉप आहे, देव्हारे आणि चवथीची मखरं करतो, कोरायचं राऊटर मशीन संगणकावरच्या लिनक्ससीएनसी या प्रोग्रामने चालतं. पावसात मदरबोर्डवरचा पॅरलल पोर्ट (मशीनला सिग्नल नेणारा २५ पिनांचा जोड) गेला, पिना हिरव्या पडल्यात, म्हणून मॉसचिप ९८६५ चिपचं, संगणकाच्या स्लॉटमध्ये बसणारं पीसीआय कार्ड आणून घातलं. एरर काहीच नाही, स्क्रीनवर एक्स-वायचे आकडे पळतात पण मोटर ढिम्म. कुठला सिग्नल कुठल्या पोर्टवर जायचा ते सांगणारी एचएएल फाइल जुनीच आहे, हेक्स ३७८ पत्त्याची. चवथ तोंडावर आलीय हो, कोणीतरी सांगा.

वेर्ण्याचा_फिटर:
अरे बाबा, ३७८ हा बोर्डवरच्या पोर्टचा पत्ता, तो बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) अजून चालूच असणार, म्हणून एरर येत नाही आणि मोटर फिरवणारे सगळे पल्स त्या मेलेल्या पोर्टवर जातायत. आधी बायोसमधून तो बंद कर. मग टर्मिनलवर 'एलएसपीसीआय -व्ही' मार, कार्डच्या नावाखाली 'आय/ओ पोर्ट्स अ‍ॅट' अशा ओळी दिसतील, त्यातला पहिला पत्ता सहसा आपला, दुसरा ईसीपीचा (पोर्टच्या जलद मोडचा) असतो तो सोड. एचएएल फाइलमधल्या एचएएल-पारपोर्टच्या ओळीत ३७८ च्या जागी तो टाक. आणि कार्ड स्लॉटमधून हलवू नकोस, पत्ता बदलू शकतो.

फोंड्याचा_राऊटर:
सापडला! डी०१० दाखवतंय, टाकला आणि मोटर फिरली, पण काल फणसाच्या फळीवर कमळ कोरताना मधेच स्टेप सुटल्या आणि पाकळ्या दोन मिलीमीटर सरकल्या, फळी वाया गेली. लेटन्सी टेस्ट (संगणक पल्स वेळेवर देतो का ते बघणारी) तर चांगली येते, आणि जुन्या पोर्टवर हीच फाइल हाच वेग वर्षभर चालला.

म्हापसा_स्टेपर:
दादा, मग व्होल्टेज बघा. मशीन बंद ठेवून एचएएलरनमध्ये (एचएएलच्या कमांड हाताने द्यायच्या प्रोग्राममध्ये) पिन २ हाय करा आणि मल्टिमीटर पिन २ आणि २५ ला लावा, २५ ग्राउंड आहे. बरीच नवी कार्डं ३.३ व्होल्टच देतात. तुमच्या मोटर ड्रायव्हरचा ऑप्टो कॉमन (सिग्नल घेणाऱ्या आतल्या एलईडींची सामाईक वायर) ५ व्होल्टला असेल तर पिन हाय असतानाही एलईडीवर १.७ व्होल्ट उरतात, तो नीट बंदच होत नाही आणि पल्स हुकतात. ७४एचसीटी बफर (३.३ चा सिग्नल ५ व्होल्टचा करणारी चिप) असलेला ब्रेकआउट बोर्ड, म्हणजे पोर्टच्या वायरी जोडायचा बोर्ड, मध्ये घाला, त्याला वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय द्या. यूएसबी-पॅरलल केबलच्या नादाला मात्र लागू नका, ती प्रिंटरपुरती, मशीनला वेळेवर पल्स देऊच शकत नाही.

फोंड्याचा_राऊटर:
मोजलं, ३.२ व्होल्ट! मडगावहून बफरवाला बोर्ड आणला, आता तेच कमळ सलग तीनदा कोरलं, टोकाला टोक जुळलं. पिनांना सिलिका जेलच्या पुड्या बांधून डब्यात ठेवलंय सगळं. देव बरें करूं दोघांचंय.