मदत हवी आहे: शुगर नॉर्मल, पण फास्टिंग इन्सुलिन जास्त

उपाशीपोटी शुगर ९४, एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर) ५.५, म्हणजे डायबेटिस नाही, पण त्याच रक्तात इन्सुलिन २३ आलंय. १२ तास उपाशी होतो, गोळ्या कुठल्याच चालू नाहीत, तीन आठवड्यांनी परत केली तर २१. होमा-आयआर (शरीर इन्सुलिनला किती कमी दाद देतं याचा अंदाज देणारा आकडा) काढला, ९४ गुणिले २३ भागिले ४०५, ५.३ आला आणि तोच आकडा डोक्यातून जात नाहीये. मला कळलंय ते असं की पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत म्हणून स्वादुपिंड जास्तीचं सोडून शुगर आटोक्यात ठेवतं आणि ते कमी पडायला लागलं की टाईप २ डायबेटिस. वडिलांना आहे म्हणून जास्त काळजी वाटते. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांनी बघू. औषधं सुचवू नका प्लीज. ग्लुकोज पिऊन २ तासांनी जी टेस्ट करतात त्यात शुगरसोबत इन्सुलिनही मोजलं तर पुढच्या निर्णयात खरंच काही फरक पडतो का, की नुसती शुगर पुरे?